अंजीर : काडी तीच, गोडी वेगळी

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात सासवड, दिवे, सोनोरी, गुरोळी, राजेवाडी या पट्ट्यात अंजिराच्या ज्या बागा उभ्या आहेत, त्यांतील झाडे बी पेरून तयार झालेली नाहीत. प्रत्येक झाड कोणत्या तरी आधीच्या झाडाच्या फांदीपासून वाढवलेले असते आणि त्या आधीच्या झाडाचीही कथा तीच असते. ‘पुना अंजीर’ या नावाने ओळखले जाणारे हे वाण अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या फांदीतून फांदीत चालत आले आहे, म्हणजे आनुवंशिक अर्थाने या साऱ्या बागा हा एका झाडाचाच विस्तार ठरतो. असे असूनही एका बागेचे अंजीर बाजारात नाव काढते आणि दुसरीचे पडत्या भावाने जाते, इतकेच नव्हे तर एकाच झाडाची दोन हंगामांतील फळे चवीला सारखी नसतात. छाट कलमाने झाड जसेच्या तसे मिळते हे खरे; मात्र चवीचा हवाला त्यात मिळत नाही, आणि अंजिराच्या लागवडीतील बहुतेक अपेक्षाभंग हा भेद न ओळखल्यामुळे होतो.

अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्या कुळातील झाड आहे व ज्याला फळ म्हटले जाते ते काटेकोर अर्थाने फळ नाही. फुलांचा देठ फुगून, आत वळून, कुंभासारखा पोकळ होतो आणि त्याच्या आतल्या भिंतीवर शेकडो सूक्ष्म फुले लागतात. या रचनेला वनस्पतिशास्त्रात कुंभासनी फुलोरा म्हणतात. बाहेरच्या जगाशी या फुलोऱ्याचा संबंध टोकाला असलेल्या, खवल्यांनी झाकलेल्या एका बारीक छिद्रातून येतो, ज्याला बागायतदार ‘डोळा’ म्हणतात (फांदीवरील कळीलाही तोच शब्द वापरला जातो, त्यामुळे संदर्भ पाहूनच अर्थ घ्यावा लागतो). उंबराचे फूल कोणाला दिसत नाही असे म्हणण्याची जी रीत आहे, ती अंजिरालाही तंतोतंत लागू पडते. खाताना दाताखाली जे बारीक दाणे करकरतात, ती या प्रत्येक फुलाची स्वतंत्र फळे होत.

अंजिराच्या काही जातींत ही आतली फुले फळण्यासाठी परागकण लागतात आणि ते आणण्याचे काम ब्लास्टोफॅगा नावाची, चिलटाएवढी एक गांधीलमाशी करते. ती रान अंजिराच्या, म्हणजे नर झाडाच्या, फळात वाढते आणि पराग अंगावर घेऊन डोळ्याच्या वाटेने दुसऱ्या फळात शिरते. पुना अंजिराला मात्र तिची गरज पडत नाही. परागीभवनावाचूनच फळ धरण्याचा, म्हणजे अनिषेकफलनाचा, गुण त्याच्या अंगी आहे. त्याचे दाणे आतून पोकळ असतात, त्यांत गर्भ नसतो आणि ते पेरून काही उगवत नाही. जेथे माशी आहे तेथे दाणे भरतात व उगवतातही. परंतु त्या रोपांतील साधारण निम्मी नर निघतात आणि उरलेल्यांतील फार थोडी आईच्या तोलाची असतात. त्यामुळे चांगले झाड टिकवायचे तर त्याची फांदी लावणे हाच मार्ग माणसापुढे होता. जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील गिल्गल येथे उत्खननात सापडलेली नऊ जळकी अंजिरे सुमारे ११,२०० ते ११,४०० वर्षांपूर्वीची ठरली. त्यांच्या दाण्यांत गर्भ नसल्यामुळे ती अनिषेकफलित, म्हणजेच माणसाने काड्या लावून जोपासलेल्या झाडांची असावीत, असे प्रतिपादन किस्लेव्ह, हार्टमन आणि बार-योसेफ या संशोधकांनी २००६ मध्ये केले. रानटी मादी झाडावरही कधीकधी अशी फळे राहतात, असा आक्षेप इतरांनी घेतला आणि तो बिनतोड नसला तरी वजनदार आहे. परंतु हे प्रतिपादन मान्य केले, तर अंजिराची काडी रोवण्याची विद्या धान्याच्या शेतीहूनही जुनी ठरते.

ही विद्या दिसायला सोपी आहे. छाटणीच्या वेळी निघालेल्या फांद्यांतून आठ ते बारा महिने वयाची, पेन्सिलीएवढ्या किंवा थोड्या अधिक जाडीची, तपकिरी पडलेली पक्व काडी निवडली जाते. हिरवी, लुसलुशीत काडी कुजते आणि फार जुनी काडी मुळे फोडायला वेळ लावते. पेऱ्यांतील अंतर कमी असलेली काडी अधिक चांगली, कारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांबीत तिच्यावर चार ते सहा डोळे मिळतात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घेतात आणि वरचा काप डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर सरळ घेतात, जेणेकरून कोणते टोक जमिनीत जायचे याविषयी घोळ होत नाही. काप घेताच सालीच्या आतील कडेने दुधाळ चिकाचे थेंब गोलाकार उभे राहतात. त्यांच्या आत फिकट पिवळसर लाकडाचे कडे आणि मधोमध पांढरे, हलके भेंड दिसते. चीक ओघळून वाळू दिल्यावर खालचे टोक इंडोल ब्युटिरिक आम्लाच्या द्रावणात काही सेकंद बुडवतात. हे आम्ल म्हणजे वनस्पतीच्या स्वतःच्या वाढसंप्रेरकाशी साधर्म्य असलेला पदार्थ असून मुळे फोडण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे १९३५ च्या सुमारास सिद्ध झाले. पक्व काड्यांसाठी लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणातील द्रावण बरेचदा वापरले जाते, जरी अंजीर हे त्याच्यावाचूनही मुळे धरणाऱ्या झाडांत मोडते. नंतर माती, वाळू आणि चाळलेले शेणखत किंवा कोकोपीट यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशवीत काडीचा दोन तृतीयांश भाग पुरून माती दाबून घेतात.

यापुढचा काळ मात्र फसवा असतो. वरचा डोळा फुगतो, दोन-तीन आठवड्यांत त्यातून झालरीच्या कडेचे कोवळे पान उलगडते आणि रोप लागले असे वाटू लागते. प्रत्यक्षात ते पान काडीत साठलेल्या पिष्टावर आणि पाण्यावर फुललेले असते आणि जमिनीखाली अजून मुळाचा पत्ता नसतो. खालच्या कापावर प्रथम पेशींचा पांढरा, दाणेदार पुंजका जमतो, ज्याला किणक म्हणतात. मुळे बहुधा त्याच्या शेजारून, सालीच्या आतील पेशीस्तरातून आणि पुरलेल्या डोळ्यांच्या आसपास फुटतात. पाने आधी आणि मुळे नंतर, या उलट्या क्रमामुळे ऊन लागताच पाने माना टाकतात. ते पाहून घाबरलेला माणूस पाणी वाढवतो, पिशवीतली हवा संपते आणि काडी सालीखालून काळी पडत जाते. रोपवाटिकांत काडी मरते ती तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक. सावली, हवेत दमटपणा, मिश्रणात ओल असूनही निचरा आणि वीस ते पंचवीस अंशांचे उबदार तापमान एवढे सांभाळले, तर महिना-दीड महिन्यात मुळे पिशवीच्या कडेला दिसू लागतात, आणि नवी पाने आकाराने आधीच्या पानांपेक्षा मोठी येऊ लागली की झाड स्वतःच्या मुळांवर उभे राहिले असे समजावे.

पुरंदरमध्ये छाट कलमाइतकाच, किंबहुना अधिक भरवसा गुटी कलमावर ठेवला जातो. यात फांदी झाडावरच ठेवून तिची साल अंगठीएवढ्या रुंदीत काढतात, उघड्या भागाभोवती ओले शेवाळ गुंडाळून त्यावर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधतात आणि आत मुळे दिसल्यावर फांदी खालून कापून पिशवीत लावतात. साल काढल्यामुळे पानांत तयार झालेले अन्न आणि शेंड्याकडून खाली येणारे संप्रेरक तेथेच अडते, आणि पाणी मात्र लाकडातून वर चढत राहते. त्यामुळे काडीला जो उपासमारीचा काळ काढावा लागतो तो गुटीला चुकतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी कॅटो याने शेतीवरील आपल्या ग्रंथात तळाला भोक असलेल्या मडक्यातून किंवा टोपलीतून फांदी ओवून, मातीने भरून, झाडावरच मुळे फोडण्याची रीत सांगितली आहे आणि तिच्या योग्य झाडांत अंजिराचे नाव घेतले आहे. हेच संप्रेरकाचे गणित पुण्याच्या बागायतदारांनी आणखी एका कामाला लावले: अंजिराच्या फांद्या सरळसोट वाढतात व आडफांद्या थोड्या देतात, म्हणून सुप्त डोळ्याच्या किंचित वर सालीत तिरपी खाच पाडतात, ज्यायोगे वरून येणारे संप्रेरक त्या डोळ्यापुरते तुटते आणि तो जागा होतो. फळे नव्या फुटीवर पानांच्या बेचक्यांत लागतात, तेव्हा जितकी फूट तितके फळ हे ओघानेच आले.

अंजिराचा गंध फळात नव्हे, पानात शोधावा. उन्हात तापलेले खरखरीत पान चुरगळले की हिरवा, किंचित कडवट आणि मागाहून ओल्या नारळाच्या जवळ जाणारा वास येतो. पिकलेल्या फळात तो जवळजवळ नसतो. ऑलिव्हिया जियाकोबेत्ती या फ्रेंच अत्तरकार स्त्रीने १९९४ मध्ये ‘प्रमिये फिगिए’ आणि १९९६ मध्ये ‘फिलोसिकोस’ ही अत्तरे रचली, तीही फळापेक्षा अख्ख्या झाडाच्या, म्हणजे पान, चीक आणि लाकूड यांच्या वासावर आधारलेली. चिकाचे गुण मात्र इतके सुखद नाहीत. त्यात फायसिन हे प्रथिने तोडणारे विकर असते, जे दूध फाडते आणि फळे तोडणाऱ्यांच्या बोटांची सालटी काढते. शिवाय चिकात व पानांत सोरालेन वर्गातील द्रव्ये असतात, ती अंगाला लागून वर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि मागे काळे डाग राहतात. सोरालेन हे नाव बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडले. कोडावरील उपचारात बावची वापरतात ती ज्या द्रव्यासाठी, तेच अंजीरतोड्याच्या हातावर डाग पाडते. म्हणून छाटणी आणि तोडणी लांब बाह्यांच्या कपड्यांत आणि शक्यतो सकाळी लवकर केलेली बरी.

फळाची चव तीन गोष्टींनी घडते. पुना अंजिराची जांभळट साल पातळ असते व तिच्यात थोडा तुरटपणा असतो; आतला गुलाबी-लालसर गर मऊ आणि रसाळ असतो; आणि दाणे पोकळ असल्यामुळे चावताना आवाज असला तरी त्यांना स्वतःची चव नसते. परागीभवन झालेल्या अंजिरात दाणे भरीव असतात व त्यांच्यातील तेलामुळे चवीत सुक्या मेव्याची छटा उतरते. महाराष्ट्रातील घरांत दोरीत ओवून येणारे अफगाणी सुके अंजीर आणि सासवडचे ताजे अंजीर ही एकाच फळाची दोन रूपे वाटत नाहीत, त्याचे एक कारण वाणांतील हा फरक आहे. पुना अंजीर सुकवण्यासाठी फारसे कामाचे नाही, कारण त्यात साखर तुलनेने कमी आणि पाणी अधिक असते.

ही साखर येते तरी केव्हा, हे पाहण्यासारखे आहे. अंजीर प्रथम झपाट्याने वाढते, मग कित्येक आठवडे हिरवे व टणक राहून जणू थांबते आणि शेवटच्या थोड्या दिवसांत एकदम फुगते, रंग धरते, मऊ होते. त्यातील बहुतांश साखर या अखेरच्या टप्प्यात उतरते. पूर्ण पिकलेले फळ देठाशी वाकून खाली लोंबते, सालीवर बारीक भेगा उमटतात आणि काही वेळा डोळ्याशी मधासारखा थेंब साचतो. या अवस्थेच्या दोन दिवस आधी तोडलेले फळ घरी मऊ पडते, पण गोड होत नाही, कारण झाडावरून उतरल्यावर त्याच्यात नवी साखर येण्याचा मार्गच उरत नाही. उलट पूर्ण पिकलेले फळ एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. शहरातील ग्राहकाला अंजीर पांचट वाटते ते बहुतेक वेळा वाणामुळे नव्हे, तर प्रवास सोसावा म्हणून घाईने केलेल्या तोडणीमुळे.

वाण आणि चव यांचा संबंध किती सैल आहे याचा सर्वांत चांगला पुरावा पुरंदरच्या दोन बहारांत मिळतो. बहार धरणे म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण देणे, नंतर छाटणी करून खतपाणी सुरू करणे आणि अशा रीतीने फुटीची व फळांची वेळ आपल्या हातात घेणे. पावसाळ्याच्या तोंडाशी छाटणी करून धरला जातो तो खट्टा बहार. त्याची फळे साधारणतः थंडीत बाजारात येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी करून धरला जातो तो मीठा बहार. त्याची फळे उन्हाळ्यात, मार्चपासून मेपर्यंत, पिकतात. झाड तेच, मुळे तीच, माती तीच. परंतु कोरड्या हवेत, लांब दिवसांत आणि कडक उन्हात पिकलेले फळ दाट गोडीचे होते, तर पावसाळी ओलीत वाढलेल्या आणि थंडीत पिकलेल्या फळात पाणी व आंबटपणा अधिक राहतो. शिवाय पावसाळ्यात पानांवर तांबेरा हा बुरशीजन्य रोग येतो, पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या उठतात, पाने अकाली गळतात आणि पानांवाचून फळात साखर भरणार कोठून, हा प्रश्न उरतो. तरीही खट्टा बहार धरला जातो, कारण त्या दिवसांत बाजारात अंजीर दुर्मीळ असते आणि आंबटगोड फळालाही चांगला भाव मिळतो. व्यवहाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. मात्र डिसेंबरात खाल्लेल्या अंजिरावरून पुरंदरच्या अंजिराची परीक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

काडीबरोबर सर्व काही येत नाही, हे कॅलिफोर्नियाच्या शेतकऱ्यांना फार महागात पडून कळले. तुर्कस्तानातील स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीर, बंदरातून निघणाऱ्या सुक्या अंजिराची कीर्ती ऐकून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बुलेटिन’ या वृत्तपत्राने १८८० नंतरच्या दोनेक वर्षांत तेथून हजारो काड्या मागवल्या आणि आपल्या वर्गणीदारांना वाटल्या. काड्या लागल्या, झाडे जोमाने वाढली, आणि फळे सुपारीएवढी होऊन गळू लागली. तुर्की व्यापाऱ्यांनी मुद्दाम निकस काड्या गळ्यात बांधल्या असा संशय पसरला, तर रान अंजीर आणि माशी ही अडाणी शेतकऱ्यांची समजूत आहे असे म्हणणारे विद्वानही निघाले. फ्रेस्नो येथील जॉर्ज रोडिंग यांनी १८९० मध्ये हाताने पराग घालून फळ धरवून दाखवले, तेव्हा वाद मिटण्याची वाट मोकळी झाली. पुढे वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियातून पाठवलेल्या रान अंजिरांतून १८९९ मध्ये ती माशी फ्रेस्नोत स्थिरावली आणि त्याच काड्यांची झाडे फळांनी लगडली. कॅलिफोर्निया आणि स्मर्ना ही नावे जोडून त्या वाणाला ‘कॅलिमिर्ना’ म्हणू लागले. काड्यांत खोट काहीच नव्हती, अज्ञानी ठरवलेल्या शेतकऱ्याचे म्हणणेच बरोबर निघाले, हे या प्रकरणातील सर्वांत समाधानकारक अंग म्हणावे लागेल.

आज युरोप-अमेरिकेत अंजिराच्या शेकडो वाणांचा संग्रह करणारे हौशी बागायतदार आहेत, जे हिवाळ्यात काड्यांची देवघेव करतात आणि मधाळ, बेरीसारखे, साखरेसारखे अशा शब्दांत प्रत्येक वाणाची चव नोंदवतात. हे वर्गीकरण निरुपयोगी नाही, कारण पिवळ्या-हिरव्या सालीची फिक्या गराची वाणे आणि गडद लाल गराची आंबटगोड वाणे यांतील फरक खरोखर आनुवंशिक आहे. परंतु एका गावातील एका उन्हाळ्याची चव वाणाच्या नावावर कायमची नोंदवली जाते आणि दुर्मीळ नावाच्या वीतभर काडीला सोन्याचा भाव येतो, तेव्हा रसास्वादाची जागा नावांच्या हव्यासाने घेतलेली असते. त्यातच काडीबरोबर नको तेही येते. पानांवर पिवळट ठिपके आणि वेडीवाकडी वाढ दाखवणारा मोझॅक रोग विषाणूजन्य आहे. एक अतिसूक्ष्म कोळी तो झाडावरून झाडावर नेतो, परंतु देशोदेशी तो पसरला तो मुख्यतः माणसांनी नेलेल्या काड्यांतून. बियांतून तो जात नाही, कलमातून हमखास जातो.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या फळाचे गुण त्या भूमीशी बांधलेले आहेत हे कायद्याने मान्य केले. कऱ्हेच्या खोऱ्यातील हलकी, निचऱ्याची, चुनखडीचा अंश असलेली जमीन, सह्याद्रीच्या पावसाच्या छायेतील कोरडी हवा आणि उन्हाळ्यातील तापते दिवस व त्यामानाने थंड रात्री यांचा त्यात वाटा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र याच तालुक्यात जाधववाडी येथे असून विद्यापीठाने प्रसारित केलेल्या निवड वाणाचे ‘फुले राजेवाडी’ हे नावही येथील गावाचेच आहे. २०२४ मध्ये पुरंदरच्या अंजिरापासून केलेला रस शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत पोलंडला रवाना झाला, आणि नाशवंत फळासाठी ही वाट स्वागतार्ह आहे. याच तालुक्यात पारगाव, खानवडी, मुंजवडी आदी सात गावांच्या जमिनीवर विमानतळ प्रस्तावित आहे आणि अंजीर-सीताफळाच्या बागा जाणार म्हणून तेथील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. झाडे अन्यत्र लावता येतील, असे अशा वेळी सहज म्हटले जाते. लावता येतील हे खरे. एका पोत्यात शंभर झाडांच्या काड्या मावतात. चुनखडीची जमीन आणि तिच्यावरील हवा मात्र त्या पोत्यात मावत नाही.

अंगणात किंवा गच्चीवरील मोठ्या कुंडीत अंजीर लावू पाहणाऱ्या वाचकांना म्हणूनच दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून सामानात लपवून काड्या आणवू नयेत; वनस्पती संगरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार परवान्याविना त्या आणता येत नाहीत, आणि मोझॅकसारखा पाहुणा एकदा आला की जात नाही. दुसरे असे की काडी वाणाचे नाव पाहून नव्हे, झाड पाहून घ्यावी. मीठ्या बहाराची छाटणी दिवाळीच्या आधी-मागे उरकते आणि तेव्हा निघालेल्या पक्व काड्या बांधावर पडलेल्या असतात. ओळखीच्या बागायतदाराकडे, ज्या झाडाची उन्हाळ्यातील फळे स्वतः चाखली आहेत त्याच झाडाच्या पाच-सहा काड्या मागाव्यात, त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणाव्यात आणि त्याच दिवशी लावाव्यात.